चिमूटभर लोकर

मेंढरं खिंडीच्या तोंडाशी आली आणि खिंड अडवायला निघालेल्या इदवालची मोटरसायकल वाटेतच बंद पडली.

आधी हॉर्नचा आवाज बसला, मग इंजिन खोकलं आणि थांबलं. इदवालनं किक मारली, पुन्हा मारली. त्या गाडीची ठिणगी बॅटरीवर चालायची. बॅटरी बसली की किक मारणं म्हणजे दगडाला लाथ मारणं. पण खालून सगळे बघत होते म्हणून तो मारत राहिला. घोट्याची साल निघाली. तेवढ्यात कळपाच्या पुढच्या म्हाताऱ्या मेंढीनं मान वर केली, खिंड मोकळी आहे हे पाहिलं, आणि ती वळली. एक वळली की सगळ्या वळतात. मोट नावाचा कुत्रा जीव तोडून धावला, पण एकट्या कुत्र्याला डोंगर आवरत नाही. सकाळभर गोळा केलेला कळप बघता बघता नेच्यांच्या रानातून पलीकडच्या उतारावर सांडला.

तो हेनब्लासच्या, म्हणजे इदवालच्या शेताच्या, कातरणीचा दिवस होता. वेल्समधल्या त्या दरीतल्या प्रत्येक शेताला असा एक दिवस नेमून दिलेला असे. त्या दिवशी घरटी एक माणूस त्या शेतावर जायचा. डोंगर झाडून मेंढरं खाली आणायची, कातरायची आणि मग जेवायला बसायचं. भांडण असलं तरी जायचं. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे भाऊही त्या दिवशी एकाच मेंढीचे पाय धरत. मेंढरांशी कुणाचं वैर नव्हतं.

इदवाल गाडी ढकलत खाली आला. मेंढरांच्या वाडग्याच्या दगडी गडग्याला टेकून सगळे उभे होते. शेजारच्या फ्रॉन शेतावरच्या ट्वमनं पाइपातली राख झटकली.

"काय रे इदवाल, मेंढरं डोंगरावर सोडायला बोलावलं होतंस होय आम्हाला? आधी सांगायचंस. माझी होतीच की वर, तीच दाखवली असती."

सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण इदवालच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. वाडग्यात एम्लिन गुडघ्यावर बसून कातरणीच्या मशीनच्या इंजिनात तेल घालत होता. दरीच्या तळाशी पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज; मे महिन्यात इदवालच्या गाडीला नवी बॅटरी त्यानंच बसवली होती.

"मला काय विचारता? त्याला विचारा!" इदवाल ओरडला. "नवी म्हणून दिली आणि महिनाभरात मेली. सडकी बॅटरी! शेजाऱ्याच्या गळ्यात सडका माल मारतोस, एम्लिन?"

एम्लिनचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. रागानं नव्हे, समोरच्याला अजून काही आठवेल, तो अजून काही बोलेल, अशी वाट बघितल्यासारखं. मग एम्लिननं पेट्रोलची चावी बंद केली, फडक्याची घडी घातली.

"आज मशीन लागायचं नाही तर," एवढंच म्हणून तो फाटकातून निघून गेला.

बाकीचे जेवायला थांबले, कारण रांधलेलं टाकायचं कसं? इदवालच्या बायकोनं, मेन्नानं, पहाटेपासून हॅम उकडला होता, बटाटे शिजवले होते, दोन मोठ्या भांड्यांत तांदळाची खीर भट्टीत लावली होती. खिरीवरची खरपूस साय कुणाच्या वाट्याला येते यावरून दर वर्षी चमच्यांची लढाई व्हायची. त्या दिवशी साय भांड्यात तशीच राहिली. लोकांनी न मिळवलेलं अन्न खाल्ल्यासारखं मान खाली घालून खाल्लं आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या भिंतीवर एक बॅटरी ठेवलेली दिसली. चिठ्ठी नाही, काही नाही. मेन्ना ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरात घेऊन आली.

"ही त्याच्या स्वतःच्या मोटरसायकलची आहे," ती म्हणाली. "हा लाल रंगाचा ठिपका बघ. आता तो चॅपलला प्रार्थनेला चालत जाणार. सगळा चढ."

"म्हणजे पटलंय त्याला," इदवाल म्हणाला. "चूक नसती तर कोण आपली बॅटरी काढून देतो?"

मेन्नानं त्याच्याकडे पाहिलं. चुलीवरचा चहा उतू गेला, तो पुसायला वळली.

एम्लिनची बॅटरी घालून इदवाल डोंगर फिरू लागला. कातरणी टळली होती आणि हवा दमट, उबदार झाली होती. रेडिओवर रोज वेल्शमधून तेच सांगत: ढगाळ, उकाडा, अधूनमधून सरी. असल्या हवेत न कातरलेल्या मेंढरांना माशी लागते. शेपटीखालच्या ओल्या लोकरीत अंडी घालते आणि दिवसा-दोन दिवसांत जिवंत मेंढीचं मांस अळ्या खाऊ लागतात. मेंढी कळपापासून लांब उभी राहते, शेपूट झाडते, मागे वळून आपलाच पुठ्ठा चावायला बघते. इदवाल अशी एकेक हेरायचा, गुडघ्यांत दाबून धरायचा, हातकातरीनं लोकर उडवायचा. खालची कातडी कच्च्या यकृतासारखी दिसायची, आणि ती हलायची. तो औषध ओतायचा. अळ्या त्याच्या बुटांवर पडायच्या. वास संध्याकाळी जेवतानाही नखांतून जायचा नाही. एक मेंढी त्याच्या मांडीवरच मेली. पुढच्या रविवारपर्यंत कळप खाली आणला नाही तर अशा आणखी किती मरतील, याचा विचार तो टाळत होता. रविवारी कुणी काम करत नसे; त्याच्या आदल्या शनिवारी शेजाऱ्यांनी पुन्हा यायचं कबूल केलं होतं. तिसऱ्यांदा कुणी येणार नव्हतं.

आणि बुधवारी, ट्वमच्या कुरणाशेजारच्या वाटेवर, गाडी पुन्हा खोकली आणि बंद पडली.

ट्वम गवत उलटत होता. तो कुंपणाशी आला, हात फळीवर टेकून उभा राहिला.

"चालवण्यापेक्षा ढकलायचीच सवय लागली म्हण तुला."

"त्याची दुसरी बॅटरीही तसलीच," इदवाल म्हणाला. धाप लागली होती. "एक झाकावी, एक काढावी."

"एम्लिनची स्वतःची?"

"हो, स्वतःचीच."

ट्वमनं खालचा ओठ पुढे काढला. "असं म्हणतोस? मग माझा ट्रॅक्टर यंदा बाजाराच्या गावातच नेतो बाबा. म्हाताऱ्या ओवेनलाही सांगतो. त्याचाही पंप एम्लिनकडेच द्यायचा होता."

इदवालला वाटलं, थांब म्हणावं. पण गाडी चढावर होती आणि ब्रेक सोडला तर मागे आली असती. तो ढकलत पुढे गेला.

त्या रात्री त्यानं बॅटरी गोठ्यातल्या चार्जरवर लावली. सकाळी ती भरली होती. पूर्ण भरली होती, आणि तेच त्याला खुपलं. सडकी बॅटरी अशी भरत नाही.

विजेच्या कुंपणासाठी त्याच्याकडे एक मीटर होतं. त्यानं गाडी शेडमध्ये घेतली, सीट काढलं आणि मेन्नाला हाक मारली.

"तू रेस दे. मी सांगेन तेव्हा."

"कपडे वाळत घालायचेत."

"घालशील गं नंतर."

गाडी बंद असताना मीटरनं बारा पॉइंट सहा व्होल्ट दाखवले. इदवालनं गाडी सुरू केली. बारा पॉइंट चार.

"रेस कर. अजून. अजून कर की!"

इंजिन किंचाळलं, पत्रे थरथरले, कोंबड्या बाहेर पळाल्या. काटा चौदाच्या पुढे जायला हवा होता. तो बारा पॉइंट तीनवर उतरला.

"काय म्हणतोय?" मेन्नानं ओरडून विचारलं.

"बंद कर."

तो बसून राहिला. हौद गळत नव्हता; हौदात पाणीच येत नव्हतं. म्हणजे बॅटरी निर्दोष होती. दोन्हीही.

तरी त्यानं मनातल्या मनात एम्लिनला सोडलं नाही. वीज बनवणारी कॉइलच जळली असेल, आणि एम्लिननं बॅटरी बसवताना ती पाहायला हवी होती, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर तसं निघावं अशी त्याची इच्छा होती. कॉइलच्या तीन पिवळ्या तारा सोडवून त्यानं दोन-दोन जोडून मोजल्या. मेन्नानं रेस दिली. तिन्ही जोड्यांत काटा सारखाच उसळला. कॉइल चांगली होती. तारांवरून बोटं फिरवली. कुठं चावलेली नाही, कुठं करपलेली नाही.

राहिला रेग्युलेटर. कॉइलमधून आलेली वीज बॅटरीला पचेल अशी करून देणारी, सीटखाली दोन बोल्टांवर बसवलेली अल्युमिनियमची वडी. इदवालनं मीटरचं एक टोक बॅटरीच्या लाल टोकावर ठेवलं आणि दुसरं बॅटरीच्या काळ्या टोकाऐवजी सहज रेग्युलेटरच्या अंगावर टेकवलं.

"रेस."

चौदा पॉइंट पाच.

त्यानं टोक उचललं, पुन्हा बॅटरीच्या काळ्या टोकावर ठेवलं. बारा पॉइंट तीन. पुन्हा रेग्युलेटरवर. चौदा पॉइंट पाच. रेग्युलेटर आपलं काम करत होता. वीज बनत होती, पण तिला परत यायला वाट नव्हती. रेग्युलेटरचं अंग गाडीच्या सांगाड्याला लागून असायला हवं, त्यातूनच अर्थिंग मिळतं. इथे अर्थिंग मिळत नव्हतं.

त्यानं पाना लावला. बोल्ट फिरताना मऊ लागला, लोखंडावर लोखंड फिरतं तसा नाही. रेग्युलेटर उचलून आला आणि त्याच्याखालून लोकरीची एक चपटी, पिवळी, तेलकट गादी हाताला लागली. बोल्टाच्या आट्यांतही लोकर गुंडाळलेली. मेंढीच्या अंगच्या मेणानं थबथबलेली, पाणी शिरू नये म्हणून दाबून बसवलेली.

कुणी बसवली, हे विचारायची गरज नव्हती. हेनब्लासमध्ये फाटकाच्या बिजागरीपासून नांगराच्या फाळापर्यंत प्रत्येक बोल्टाखाली अशी लोकर असे. त्याच्या बापानं तसंच केलं होतं. लोकर खडखड होऊ देत नाही, गंज धरू देत नाही. एप्रिलमध्ये खडकाळ वाटेवर रेग्युलेटर खडखडत होता, म्हणून इदवालनं तो काढून वाडग्यातली चिमूटभर लोकर खाली घातली होती. सुरुवातीला बोल्टातून थोडं अर्थिंग मिळत असणार. मग मेण आत झिरपलं, गंज चढला, आणि तेही बंद झालं.

मेन्ना जवळ आली. तिनं ती गादी त्याच्या हातातून घेतली, चिमटीत दाबली.

"त्यानं विचारलं होतं तुला," ती म्हणाली.

"कुणी?"

"मे महिन्यात. मी इथेच कपडे वाळत घालत होते. एम्लिन म्हणाला, हे खालचं उघडून बघू का एकदा. तू म्हणालास, ते मी माझ्या हातानं बसवलंय, तिथं कुणी हात लावायचं कारण नाही."

इदवालला आठवलं. शब्दाला शब्द आठवला. आणि वाडग्यात गुडघ्यावर बसलेला एम्लिन, वर बघून कशाची वाट बघत होता, तेही कळलं. एका वाक्यात तो इदवालला सगळ्यांसमोर उघडा पाडू शकला असता. त्यानं फडक्याची घडी घातली होती.

इदवालनं पॉलिश पेपरनं जागा घासली, धातू चकाकेपर्यंत घासली. बोल्ट कोरडे करून आवळले. गाडी सुरू केली, रेस दिली. चौदा पॉइंट तीन.

"झालं," तो म्हणाला. "शनिवारी गाडी पळेल. मेंढरं येतील. लोक विसरतील."

मेन्नानं लोकरीची ती गादी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

मे महिन्यातली आपली बॅटरी चार्ज करून गाडीत परत बसवून, एम्लिनची भरलेली बॅटरी पोत्यात घालून इदवाल दुपारी दरीत उतरला. चालत गेला. गाडीवर गेलो असतो तर गाडी सुरू झाली हे सांगावंच लागलं असतं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. शेडसमोर एरवी या दिवसांत दोन-तीन ट्रॅक्टर उभे असत. आज अंगण झाडलेलं होतं. एम्लिन आत कातरणीच्या मशीनचे दाते घासत होता. चाकावर ठिणग्या उडत होत्या. त्यानं चाक थांबवलं.

"तुझी बॅटरी," इदवाल म्हणाला. "चांगली आहे."

"आहेच."

"हं."

"सापडलं का?"

"सापडलं."

एम्लिन थांबला. पुन्हा तसंच, वाट बघत. बाहेर चिमण्या पत्र्यावर नाचत होत्या. इदवालच्या जिभेवर शब्द आला होता. त्याची जागा भलत्याच शब्दानं घेतली.

"तार ढिली होती एक."

"तार," एम्लिन म्हणाला.

"हो. तार."

"बरं झालं मग."

त्यानं चाक पुन्हा फिरवलं. इदवाल चढ चढत घरी आला. अर्ध्या वाटेवर तो एका फाटकाला धरून उभा राहिला. धाप लागली म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण धाप लागली नव्हती.

त्या दरीत निम्मे लोक जोन्स आणि निम्मे इव्हान्स. आडनावाचा कुणाला उपयोग नसे. माणूस शेताच्या नावानं ओळखला जाई. इदवाल हेनब्लास. ट्वम फ्रॉन. शेताचं नाव लागणं हा मान होता. पण एखादी चूक सगळ्यांसमोर झाली की शेताचं नाव गळून पडे आणि दुसरंच चिकटे, ते थडग्यापर्यंत सुटत नसे. म्हातारा ओवेन चांगला माणूस, चॅपलचा कारभारी. पण पोरवयात त्यानं चॅपलच्या चहापानात दोनदा केक घेतला होता, म्हणून तो ओवेन दोनदा. त्याच्या मुलीला लग्नानंतरही लोक मेअर दोनदा म्हणत. इदवालला ते माहीत होतं. तार ढिली असणाऱ्याला कुणी नाव ठेवत नाही.

शनिवारी सगळे आले. एम्लिनही आला, मशीन ट्वमच्या ट्रेलरवर पाठवून स्वतः एकटाच मागून. कुणी त्याच्याशी फारसं बोललं नाही. इदवालची गाडी खिंडीत घट्ट उभी राहिली. म्हातारी मेंढी वर आली, तिनं पाहिलं, हॉर्न कर्कश वाजला, ती खाली वळली. दुपारपर्यंत वाडगं लोकरीच्या पाठींनी भरून गेलं. एम्लिनचं मशीन एका सुरात चाललं. कातरलेल्या मेंढ्या पांढऱ्या, हलक्या, लाजल्यासारख्या उड्या मारत बाहेर पडत होत्या. लोकर गुंडाळून गुंडाळून सगळ्यांचे हात मेणानं मऊ झाले होते. इदवालला आपले हात बघवत नव्हते.

जेवायला एम्लिन बसेना. "मी बाहेरच चहा घेतो," म्हणाला. मेन्नानं त्याच्या बाहीला धरून त्याला आत आणलं आणि टेबलाच्या टोकाला बसवलं.

हॅम फिरला. बटाटे फिरले. खीर आली, वर खरपूस साय. ट्वमनं चमचा सरसावला.

"बाकी गाडी आज घोड्यासारखी पळाली हां, इदवाल. बाजाराच्या गावची बॅटरी दिसतेय?" आणि त्यानं एम्लिनकडे पाहिलं नाही, सगळ्यांनीच पाहिलं नाही.

'हो' म्हणणं सोपं होतं. ते दाताशी आलंही होतं. एम्लिन बशीत बघत होता. यावेळी तो वाट बघत नव्हता. ते इदवालला सहन झालं नाही.

तो उठला. खुर्ची फरशीवर कर्कश घासली. खिडकीतली गादी आणून त्यानं खिरीच्या भांड्याशेजारी, धुतलेल्या टेबलक्लॉथवर ठेवली.

"ही होती रेग्युलेटरखाली," तो म्हणाला. "मी घातलेली. बॅटरी एम्लिनची चांगलीच होती, दोन्ही चांगल्या. मे महिन्यात त्यानं विचारलं होतं, उघडून बघू का. मी हात लावू दिला नाही. आणि परवा त्याच्या दारात जाऊन सांगितलं, तार ढिली होती. तेही खोटं."

ओवेन दोनदानं कानामागे हात धरला. त्याला कमी ऐकू यायचं.

"काय म्हणाला? काय म्हणाला हा?"

सगळे इदवालकडे बघत होते. त्याला ते पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं, ओरडून, एकेक शब्द सुटा करून: लोकर. माझी. बॅटरी चांगली होती. मी खोटं बोललो.

"अस्सं!" ओवेन म्हणाला. "लोकर!"

मग ट्वम फुटला. "लोकर! अरे, मेंढीला विजेचा झटका बसत नाही तो यामुळेच होय! आता लोकरीची टोपी कुणाला घालणार, इदवाल, इंजिनाला? इदवाल लोकर!"

टेबल हादरलं. बश्या वाजल्या. इदवाल उभाच होता, हात लोंबते सोडून. हसून झाल्यावर ट्वमनं डोळे पुसले आणि टेबलाच्या टोकाकडे न बघता तो पुटपुटला, "ट्रॅक्टर सोमवारी आणतो, एम्लिन. वेळ असला तर."

एम्लिन हसला नव्हता. त्यानं गादी उचलली, बोटांत चुरगाळून पाहिली आणि परत ठेवली.

"बस," तो इदवालला म्हणाला. "खीर निवतेय."

मेन्नानं साय चमच्यानं अखंड उचलली आणि एम्लिनच्या बशीत घातली. त्यानं ती खाल्ली. कुणी हरकत घेतली नाही.

नाव चिकटलं ते चिकटलंच. आठवड्याभरात पोस्टमन म्हणू लागला, मग बाजारात लिलाव पुकारणारा. चॅपलच्या दारातली पोरं त्याला पाहून मेंढीसारखी बें करत. पुढच्या वर्षी मेन्नालाही कुणीतरी मेन्ना लोकर म्हटलं आणि ती हसली. इदवाललाही हळूहळू त्यात बोचेनासं झालं; हाक आली की तो वळायचा.

फक्त एम्लिननं ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. शेडसमोर ट्रॅक्टरची रांग लागलेली असो, चार माणसं ऐकत असोत, इदवाल फाटकातून आत आला की तो पान्यावरून मान वर करून म्हणायचा, "ये, इदवाल हेनब्लास." पूर्ण नाव, शेतासकट, इदवालच्या बापाला म्हणत तसं.

आणि दर वेळी इदवालचे कान लाल होत.